माडीवर पाच जणांची सोय

१४ मे

गवार आज कडकडीत वाळली. मुठीत धरून दाबली की मोडते, म्हणजे झाली. कणकेचे वळून वाळवलेले सरगुंडे कालच डब्यात गेले. मुगवड्यांना अजून दोन उन्हं लागतील.

पुंडलिकराव गच्चीवर आले, डब्यांकडे बघत उभे राहिले.

"अवं, आपण दोघं. एवढं खाते कोण?"

"पूर आला, रस्ता तुटला, त मंग कळन कोण खाते ते."

"आपल्या गावाले पूर कधी आलता?"

"म्हणूनच म्हणते. जिथं कधी आला नाही तिथंच कोणाची तयारी नसते."

हे मला तहसीलच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी ते आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर केलं. आमच्या बॅचमध्ये साठीच्या घरातली मी एकटीच. नारिंगी जॅकेट मिळालं, शिटी मिळाली. प्रशिक्षक म्हणाले, घरात सोय करताना सरासरी कुटुंब पाच जणांचं धरावं. मी तेव्हापासून पाचचाच हिशेब धरते. नियम तो नियम. शाळेतही मी असंच करत असे.

दुपारी पुण्याहून नयनचा, आमच्या मुलाचा, फोन आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत येणं यंदा जमत नाही म्हणे. नातवाला, आयुषला, पोहण्याच्या शिबिरात घातलंय. मी म्हटलं, बरंच झालं, पोहता यायलाच हवं, आपत्तीत कामाला येतं. फोन ठेवला आणि मुगवड्या पुन्हा उलटवून ठेवल्या. सकाळीच उलटवल्या होत्या.

२० मे

माडी लावून झाली. आता बघितलं की समाधान वाटतं.

खिडकीखाली पाण्याचे कॅन, शेजारी क्लोरीनच्या गोळ्या. वाळू आणि कोळशाचा गाळणीमाठ कोपऱ्यात. माचिसच्या काड्या मेणात बुडवून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. भिंतीवर नायलॉनची दोरी, टॉर्च आणि दांडी फिरवून चालणारा रेडिओ. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या कापडात शिवून तरंगणारी जाकिटं केली आहेत. चार मोठी, एक लहान. मोबाईलवर तो जंगलटोपीवाला माणूस येतो ना, त्याचं बघून शिकले. त्याची बहात्तर तासांची पिशवीही मी तशीच भरली आहे. फुटाणे, गूळ, शेंगदाणे, सातूचं पीठ, मीठ-साखरेची पाकिटं. फक्त तो चॉकलेट ठेवायला सांगतो, ते उन्हाळ्यात आमच्याकडे टिकायचं नाही.

उत्तरेच्या भिंतीला टेबल लावलंय आणि त्यापुढे चाकाची खुर्ची. यवतमाळला एका ऑफिसचं सामान विकायला काढलं होतं, तिथून आणली. पुंडलिकराव म्हणाले, "हे बी पुराचं सामान हाय का?" मी म्हटलं, आपत्ती आली तरी ऑफिसं बंद पडत नाहीत, हे कोरोनात पाहिलंच आपण. नयनची पाठ लाकडी खुर्चीत धरून यायची तेव्हा. सुनेच्या, दिपालीच्या, कॉफीची बाटलीही फळीवर ठेवली आहे. ती आमचा चहा पीत नाही.

पुंडलिकराव खाली गेले. थोड्या वेळानं खालून हाक आली, "चहा ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा, येते. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघायचं राहिलं होतं. ते बघून खाली गेले तर चहा गार झाला होता आणि हे वावरात निघून गेले होते.

३ जून

राळेगावला गेले होते. आयुषसाठी गमबूट घेतले. दुकानदारानं माप विचारलं. मी व्हिडिओ कॉलवर त्याला पाऊल फरशीवर पट्टीशेजारी ठेवायला लावलं होतं, त्यावरून अंदाजानं एक नंबर मोठे सांगितले. आधीचे बूट टाकले नाहीत. रबर चांगलं आहे, टाकायचं कशाला. माडीवर भिंतीला ओळीनं लावून ठेवले आहेत.

एसटीत गर्दी होती. शेजारची बाई म्हणाली, मॅडम, नातू आला वाटते? मी म्हटलं, येईल.

१५ जून

बातम्यांत कुठल्याशा तापाची साथ सांगत होते. लांब आहे, दुसऱ्या देशात. मी आवाज वाढवला. मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता पुन्हा घरूनच काम करा म्हणतील.

लगेच टीव्ही बंद केला. मी शिक्षिका आहे. असं मनात येऊ नये.

पण लिहायचं तर खरं लिहावं. कोरोनाच्या वर्षी मार्चमध्ये ते तिघं आले आणि पुढच्या वर्षीच्या पोळ्यानंतर गेले. आयुष आमच्या अंगणात चालायला शिकला. तुळशीचा ओटा धरून उभा राहायचा आणि पुंडलिकरावांकडे धावायचा. नयन माडीवर फोनवर इंग्रजीत बोलायचा, खाली उतरला की बापासारखा पाय पसरून ओसरीत बसायचा. दिपालीनं माझ्याकडून भरल्या वांग्याचं वाटण शिकून घेतलं. जगात माणसं मरत होती आणि माझ्या घरी रोज पाच पानं मांडली जात होती. मी देवाजवळ सगळ्यांसाठी मागायची. सगळं लवकर संपू दे असं मात्र मागायची की नाही, ते मला आठवत नाही.

संध्याकाळी नयनला फोन केला, साथीचं सांगितलं. तो हसला. "आई, ते इकडे येणार नाही गं. तू उगाच बातम्या बघत बसू नको."

२९ जून

पेरण्या आटोपल्या. पुंडलिकराव म्हणाले, "तूर काय उगवली हाय या वर्षी! ओळच्या ओळ. चाल, पाहाले." मी म्हटलं उद्या येते. आज माडीच्या पत्र्याला दोन ठिकाणी डांबरपट्टी लावायची होती.

हे उंबऱ्यात थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या त थोडी मोठी दिसन." आणि गेले.

९ जुलै

ऑरेंज अलर्ट आला. नयनला फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, अंगठ्याचं चित्र आणि "काळजी घ्या दोघं".

रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी चक्क ऊन. नाल्याला पोटरीएवढं पाणी. मी बॅटऱ्या पुन्हा डब्यात ठेवल्या.

पुंडलिकराव म्हणाले, "नाही आला तुहा पूर." हसत म्हणाले, तरी मला राग आला. माझा कसा?

२३ जुलै

परवापासून पडतोय, थांबत नाही. आज रेड अलर्ट आहे. वर्धा नदी भरून चालली आहे म्हणे, त्यामुळे आमच्या नाल्याचं पाणी उतरायला जागाच नाही. दोन्ही पूल जायच्या बेतात आहेत. नयनचा स्वतःहून फोन आला. आवाजात काळजी होती. मी म्हटलं, पुण्यातही पाऊस आहे म्हणतात, तुम्हीच इकडे या, इथे सगळं आहे. तो म्हणाला, "आई, रस्ते बंद होताहेत ना तुमचे?"

हो, तेही खरंच.

फोन चालू असतानाच लाईट गेली. मी दिवा लावला, पॉवरबँक बघितल्या, सगळं जागच्या जागी.  एवढी वर्षं ज्याची तयारी केली ते दारात आलं होतं आणि मला अगदी सणाच्या आदल्या दिवशीसारखं वाटत होतं.

२५ जुलै

काल लिहायला झालं नाही. आज सगळं लिहिते.

परवा दुपारी रूपसिंग धावत आला. तो आमचा शेजारी, बंजारा तांड्यावरचा असला तरी घर आमच्या गल्लीत बांधलंय. म्हणाला, फाट्यावर एसटी अडकली आहे. पुढच्या पुलावर पाणी म्हणून ड्रायव्हरनं गाडी वळवली, तोवर मागचा पूलही बुडाला. फाटा आणि गाव यांच्यामधला रस्ता खोलगट आहे, त्यातून नाल्याचं पाणी चाललंय. गाडीत माणसं बसून आहेत आणि चाकं बुडत आली.

मी जॅकेट चढवलं, दोरी आणि शिटी घेतली, बाटल्यांची जाकिटं उचलली. पन्नासेक माणसं काठावर उभी होती आणि सगळे एकदम बोलत होते. मी शिटी वाजवली. आयुष्यभर पोरांवर वाजवली, तशी. गप्प झाले सगळे. दोरीचं एक टोक विजेच्या खांबाला बांधायला सांगितलं. दुसरं टोक पलीकडे नेऊन फाट्यावरच्या बाभळीला बांधायचं होतं.

"कोण जाते?" मी विचारलं.

"मी जातो," रूपसिंग म्हणाला.

"आन मी," पुंडलिकराव म्हणाले.

"तुम्ही कायले?"

"चाळीस वर्षं बैलगाडी नेली इथून. खड्डा न खड्डा मालूम हाय मले. हा पोरगा त मोटारसायकलवर जाते, त्याले काय मालूम."

मोठ्यातलं जे हाताला लागलं ते जाकीट मी यांच्या अंगात घातलं. नयनच्या मापाचं निघालं. यांच्यावर ते झुलत होतं. नाड्या आवळताना मी पहिल्यांदा पाहिलं, की हे किती वाळले आहेत. केव्हा वाळले?

पाणी कमरेपर्यंत होतं. दोघं पलीकडे पोचले, दोरी बांधली. मग एकेक माणूस दोरी धरून यायला लागला. मध्ये रूपसिंग, पलीकडे बाभळीजवळ हे. बायका आल्या, कॉलेजातली मुलं आली, एका म्हाताऱ्या बाबाला रूपसिंगनं पाठीवर आणलं. कंडक्टर बाई होती, ती सगळे उतरेपर्यंत गाडीच्या दारात उभी. ड्रायव्हर तिच्या मागून उतरला. सगळ्यात शेवटी हे निघाले.

मधोमध आले आणि दिसेनासे झाले.

एवढंच. पाय सरकला असेल. दोरी ताणून झुकली, पाणी तसंच वाहत राहिलं आणि त्यावर माझं माणूस नव्हतं. शिटी माझ्या तोंडात होती, पण फुंकायला श्वास नव्हता. मला सगळं पाठ होतं, बुडत्याला काय फेकायचं, कसं ओढायचं. मी काहीच केलं नाही. मी फक्त "अहो" म्हटलं. तेही कोणाला ऐकू गेलं नसेल.

मग बाटल्यांनी त्यांना वर उचललं. एक हात दोरीवर होता, तो सुटलेला नव्हता. रूपसिंगनं कॉलर धरून ओढलं. काठावर आल्यावर खोकत म्हणाले, "थो नवा खड्डा होता. मले मालूम नव्हता."

लोक हसले. मी नाही हसले. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. पाच जणांत हे होतेच. ताट होतं, जाकीट होतं, औषधाच्या गोळ्या होत्या. पण इतकी वर्षं पूर मनात आणला, तेव्हा पाण्यात कोण असेल याचा विचार केला तो कधी आयुषचा, कधी नयनचा. यांना मी नेहमी काठावर माझ्याशेजारी धरून चालले होते.

बसमधली बरीच माणसं शाळेत गेली, काही घरोघरी. आमच्याकडे तिघं आले. ड्रायव्हर खेमसिंग, कंडक्टर रंजिता आणि पाठीवरून आणलेले भावसिंगबाबा. बाबा लेकीला भेटायला निघाले होते.

माडीचा दरवाजा उघडताना माझा हात अडला. लिहायला लाज वाटते. चादरी नव्या होत्या. टेबलावर आयुषचे रंगखडू होते, पाकीटही फोडलेलं नव्हतं. बाहेर तीन माणसं ओली कुडकुडत उभी आणि मी किल्ली हातात घेऊन उभी. पुंडलिकराव मागून एवढंच म्हणाले, "उघड ना."

उघडलं. रंजिताला दिपालीचा गाऊन दिला. खेमसिंग खाली ओसरीत यांच्याजवळ झोपला. बाबांना खाट दिली. सरगुंडे उकडले, गवारीची भाजी केली, सातूचं पीठ कालवलं. बाबांनी सरगुंडे गुळासोबत खाल्ले आणि म्हणाले, "बाई, लग्नघरासारखं हाय तुमच्याकडे."

काल सगळा दिवस घर भरलेलं होतं. खाली पुंडलिकराव आणि खेमसिंग बैलांबद्दल बोलत होते, बाबा घोरत होते, मी चार वेळा चहा केला. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मी गाणं गुणगुणत होते. माझ्या लक्षात आलं आणि थांबले. पुन्हा सुरू झालं.

रंजिता तिशीची असेल. आर्णीकडच्या तांड्यावरची. तिची मुलगी तिथं आजीजवळ असते, ही राळेगावला खोली करून राहते. रेंज कुठंच नव्हती. मी तिला गच्चीच्या कोपऱ्यात नेलं, तिथं कधी रेंजची एखादी कांडी येते. तिनं छत्रीखाली उभं राहून कितीदा तरी फोन लावला. शेवटी लागला. "याडी," म्हणाली आईला, आणि मग बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भराभर बोलली. मला शब्द कळले नाहीत. शेवटी मुलगी फोनवर आली असावी, कारण हिचा आवाज एकदम लहान झाला. मी नंतर नयनला लावून पाहिला, तोवर कांडी गेली होती.

आत येऊन डोळे पुसले आणि चाकाच्या खुर्चीत बसली. भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, नातवंडं किती हायेत तुमाले?"

"एकच."

"मंग हे एवढे बूट?"

मी ओळीकडे पाहिलं. लहान, थोडे मोठे, त्याहून मोठे, नवे. सगळ्यांची लेबलं तशीच. मी म्हटलं, "त्याचेच. दर वर्षी पाय वाढतो ना."

"घालत नाही का थो?"

"पावसाळ्यात येणं होत नाही त्यांचं."

तिनं टेबल पाहिलं, खडू पाहिले, कॉफीची बाटली पाहिली. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "मॅडम, तुम्ही त पुराची वाटच पाहून राह्यल्या होत्या."

मला फार राग आला. मी म्हटलं, "पुराची वाट कोणी पाहते का? तयारी करणं वेगळं."

"तसं नाही म्हटलं मी. चुकलं असन माहं."

चहाचा कप मी जरा जोरात ठेवला. थोडा सांडला. दोघींपैकी कोणी पुसला नाही.

नंतर तीच म्हणाली, "पाणी उतरलं का मी डेपोत सुट्टी मागते. देत नाहीत, शिव्या खाव्या लागतात. पण मागते. पोरीले वाटाले नको का मायनं मागितलीच नाही."

२६ जुलै

पाणी उतरलं. दुपारी सगळे गेले. भावसिंगबाबांनी डोक्यावर हात ठेवला. रंजितानं गाऊन धुऊन, वाळवून, घडी करून ठेवला होता. जाताना वाकायला लागली, मी धरलं. मला म्हणायचं होतं की माझा राग गेला आहे. त्याऐवजी तिला शेंगदाण्याची पिशवी दिली.

घर पुन्हा तसंच. ओसरीत खेमसिंगच्या चपलांचा चिखल तेवढा राहिला आहे. मी पुसायला गेले आणि बसले तिथंच. तीन दिवसांची ओळख. नाव-गाव सोडून काही माहीत नाही त्यांच्याबद्दल. तरी नयनची गाडी गेल्यावर जसं होतं अगदी तसंच झालं.

२८ जुलै

टॉवर सुरू झाला. नयनचे किती मिस्ड कॉल होते! पहिल्या रिंगला उचलला. रडत होता. एवढा मोठा माणूस. "आई, चार दिवस काहीच कळत नव्हतं. मी बॅग भरून ठेवली आहे. आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतो."

हेच तर ऐकायचं होतं मला. आणि मी काय केलं? मी त्याला सगळं सांगायला लागले. दोरी कशी बांधली, शिटी कशी वाजवली, जाकिटानं त्याच्या बाबांना कसं उचललं, किती माणसं वाचली, डबे अजून किती शिल्लक आहेत. अभिमानानं सांगितलं, शाबासकी मिळवणाऱ्या पोरीसारखं.

तो ऐकत गेला, हसायला लागला. "आई, कमाल आहेस तू! मी इकडे जीव मुठीत धरून बसलो होतो. तू असताना मला तुमची काळजीच नाही." मग म्हणाला, "मग आता घाई करत नाही. ऑफिसात रिलीज आहे या आठवड्यात. दिवाळीला येतोच आहोत."

मी म्हटलं, "हो हो. काम महत्त्वाचं."

३ ऑगस्ट

माडीवर गेले नाही.

७ ऑगस्ट

आज पुंडलिकरावांसोबत वावरात गेले. यांनी बोलावलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि मागून निघाले. हे दोनदा वळून पाहत होते, मी खरंच येते आहे का म्हणून.

खालच्या अंगाची कपाशी सडली आहे. तूर वाचली. हे ओळीतून चालत एकेक झाड दाखवत होते, मला माहीत नसल्यासारखं. मग आम्ही बांधावर बसलो. डबा आणला नव्हता, भूक लागली होती, तरी उठलो नाही.

हे म्हणाले, "त्याले तू सांगितलं का सगळं बरं हाय म्हणून?"

"मंग काय सांगू? बरंच आहे ना."

"कुठं बरं हाय?" हे मातीतलं ढेकूळ फोडत होते. "मले करमत नाही. तू वर राहते दिवसभर. पोरगा तिकडे. मी बैलाइसंग बोलतो."

मी यांच्याकडे पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, या माणसानं "मले करमत नाही" असं कधी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, यांना करमतं. मला वाटायचं, मीच एकटी.

"फोन लाव," हे म्हणाले. "मी सांगतो त्याले."

लावला. यांच्या हातात दिला. नयन "हॅलो, हॅलो बाबा" म्हणत होता आणि हे फोन कानाला लावून नुसते तुरीकडे बघत होते. मग फोन माझ्याकडे दिला.

"काय झालं आई? बाबा का बोलत नाहीत?"

"काही झालं नाही. पाऊस नाही, पूर नाही. तब्येती चांगल्या आहेत. घरात सगळं आहे."

"मग?"

"तू ये."

"काहून?" तो म्हणाला. किती वर्षांनी त्याच्या तोंडून 'काहून' ऐकलं. त्याच्याही लक्षात आलं नसावं.

"काहून नाही. तुले पाहावं वाटते. तुह्या बाबालेबी वाटते. दिवाळीले नाही, आत्ता."

मला वाटलं रेंज गेली. फोन कानापासून काढून पाहिला, चालू होता. मग तो म्हणाला, "आई, तू कधी म्हटलंच नाहीस असं. तू नेहमी सांगतेस, सगळं आहे."

माझ्या डोळ्यांतलं पाणी फोनवर टपटप पडत होतं आणि हे धोतराच्या सोग्यानं माझा फोन पुसत होते.

"पाहतो," तो म्हणाला. "सुट्टी मागून पाहतो."

९ ऑगस्ट

मेसेज नाही. 'पाहतो' म्हणजे काय, हे सगळ्या आयांना माहीत असतं. तरी आज अंबाडीची भाजी आणून ठेवली. ताजी.

१२ ऑगस्ट

सकाळी मेसेज आला. शुक्रवारी रात्री निघतोय. एकटाच. आयुषची घटक चाचणी आहे, दिपालीला सुट्टी नाही. दोन दिवस राहील.

मी वाचून दाखवलं. पुंडलिकराव म्हणाले, "दोन दिवस?" मग लगेच, "दोन दिवस हायेत ना." आणि न्हाव्याकडे गेले. दाढी परवाच केली होती.

मला आयुषला उचलून घ्यायचं होतं. आता तो उचलला जाणार नाही, एवढा झाला असेल. ते राहिलं. दिपालीला मी उद्या वेगळा फोन करीन आणि तिलाही तसंच म्हणेन, काहून न सांगता. तिला सासू काय म्हणते ते कळायला वेळ लागेल. लागू दे.

१६ ऑगस्ट

आला. रस्त्यावरून पायी येताना दिसला, कारण फाट्यापासून ऑटो मिळाला नाही. यांच्यासारखाच चालतो, एक खांदा खाली टाकून. दोघं अंगणात एकमेकांसमोर उभे होते. मग नयननं विचारलं, "बाबा, तूर कशी हाय?"

पानं घेतली आहेत, दोघं हात धुऊन बसलेत. भाकरी तव्यावर आहे. आज लिहायला वेळ नाही.